शनिवारी शाळा भरली, तरी फ्लेमिंगो सफर झालीच!

पावसाळ्यात अतिवृष्टीमुळे दिलेल्या सुट्ट्यांची भरपाई म्हणून लेकीच्या शाळेने चौथ्या शनिवारी शाळा भरवायचं ठरवलं. निरोप आला गुरुवारी रात्री. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातलं आमचं बोटीचं बुकिंग नेमकं त्याच दिवशीचं. लेकीचा चेहरा एवढासा झाला. मलाही वाईट वाटलं, कारण शनिवार हा आमचा दोघींचा हक्काचा दिवस.

पण इथे फेरीची वेळ भरती ठरवते. खाडीत पुरेसं पाणी चढलं की बोट निघते, आणि भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकत असल्याने रोजच्या वेळा बदलतात. आमची फेरी दुपारी साडेतीनची होती, शाळा साडेबाराला सुटणार होती. मग तिला गेटवरूनच घेतलं आणि गणवेशातच रिक्षाने थेट केंद्र गाठलं. थालीपीठ-दही तिथे पोहोचल्यावर खाल्लं.

बोटीआधी वेळ होता म्हणून तिवरांमधल्या लाकडी वाटेवर गेलो. माझ्या मते अर्धी मजा इथेच आहे. खाली ओल्या चिखलात बोटभर लांबीच्या निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे. डोळे पार डोक्यावर, पुढच्या परांवर जोर देऊन टुणकन उडी, की पुन्हा स्तब्ध. लेक सकाळीच विज्ञानाच्या तासाला कल्ले शिकून आली होती. तिने मार्गदर्शक दादांना विचारलं, "दादा, हा मासा आहे ना? मग पाण्याबाहेर मरत कसा नाही?" दादा तिच्याशेजारी उकिडवे बसले. निवटी कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते आणि ओल्या त्वचेतूनही श्वास घेते, म्हणूनच सारखी चिखलात लोळते, हे त्यांनी निवटी दाखवत समजावलं. मागे माणसं थांबली होती, तरी घाई केली नाही. याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

बोटीतून रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे छान दिसले. बसलेले असताना फिके वाटतात, उडाले की पंखांचा गुलाबी आणि काळा रंग उघडतो. करडे दिसले ती पिल्लं. गुलाबी व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. आपल्या घराच्या इतक्या जवळ हे आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

पाचपैकी पाच. जानेवारी ते मार्च उत्तम. टोपी, पाणी आणि असेल तर दुर्बीण न्या, खाडीत ऊन चांगलंच लागतं. मुलांची शनिवारी शाळा असेल तर दुपारच्या भरतीचा शनिवार बघून बुकिंग करा, आणि बोटीच्या निदान तासभर आधी पोहोचा, म्हणजे निवट्या नीट बघता येतील.