एसएस की काळा ॲलन? आरसी गाडीचे स्क्रू बदलताना

रिमोटवर चालणाऱ्या आरसी गाडीसोबत आलेले स्टार मुंडीचे मऊ स्क्रू काढून सगळे ॲलन (षटकोनी खाचेचे) करायचे, एवढं ठरलं की प्रश्न उरतो एकच. चकचकीत एसएस (स्टेनलेस स्टील) घ्यायचे की काळे हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताकदीच्या स्टीलचे? टायटॅनियम इथेच बाजूला ठेवतो. ते स्टीलपेक्षा चाळीस टक्क्यांहून हलकं असतं हे खरं, पण १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या) गाडीतले सगळे एम३, म्हणजे ३ मिमी जाडीचे, स्क्रू मिळून वजन भरतं अंदाजे पन्नास-साठ ग्रॅम. त्यातले वीस-पंचवीस ग्रॅम वाचवायला एवढे पैसे घालायचे आणि तेवढाच चिखल पहिल्या फेरीत चेसिसखाली चिकटवून घ्यायचा, हे शर्यतवाल्यांनाच परवडतं.

कोल्हापुरात एसएसची बाजू भक्कम आहे, हे आधीच मान्य करतो. जून ते सप्टेंबर हवा ओली, पन्हाळ्याच्या बाजूला गेलं की तांबडी चिकट माती, आणि घरी आल्यावर गाडी धुवायची म्हणजे पुन्हा पाणी स्क्रूवरच. काळ्या स्क्रूचा काळेपणा हा ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्यावरचं तेल धुऊन गेलं की तो गंज फारसा अडवत नाही. ओली गाडी रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी मुंड्यांवर तांबूस भुकटी दिसते. ए२ दर्जाच्या एसएसला हा त्रास नाही, आणि दिसायलाही तो देखणा.

ताकदीच्या आकड्यांवरून मात्र लगेच निकाल लावू नये. १२.९ दर्जाच्या काळ्या स्क्रूचं धातू तुटायला सुमारे १,२०० मेगापास्कल ताण लागतो, आणि त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत तो कायमचा ताणला जात नाही. ए२-७० एसएसचे हेच आकडे ७०० आणि ४५०. फरक मोठा आहे, पण नायलॉनच्या चेसिसमध्ये बसवलेला एम३ सहसा तुटत नाही, त्याच्या आधी प्लॅस्टिकचे आटे जातात. अपवाद शॉक टॉवरचा, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरचं वरचं टोक जिथे अडकतं त्या खांबाचा. तिथे २५-३० मिलिमीटरचा स्क्रू एकाच टोकाला धरलेला असतो आणि सगळा झटका त्याच्या बाहेर आलेल्या भागावर बसतो. तिथला एसएस चार उड्यांत वाकतो. त्या जागी काळाच घ्यावा, यात फारसं दुमत होऊ नये.

माझं पारडं फिरलं ते यातल्या कशामुळेच नाही. फिरलं दोन मिलिमीटरच्या खाचेमुळे.

एम३ कॅप हेडला (उंच, नळकांड्यासारखी मुंडी) २.५ मिमीची की, म्हणजे ॲलन चावी, लागते. त्याच एम३ चं बटन हेड (बुटकी गोलसर मुंडी) किंवा सीएसके (पृष्ठभागात बसणारी चपटी मुंडी) घेतलं तर की होते २ मिमीची, आणि बिनमुंडीच्या ग्रब स्क्रूला तर १.५. आरसी गाडीत निम्म्याहून जास्त स्क्रू बटन आणि सीएसकेच असतात, आणि त्यांची खाच उथळही असते. त्या खाचेत तांबडी माती बसून वाळली तर की पूर्ण आत जात नाही, कडेकडेला धरते. अशा वेळी जोर लावला की एसएसची खाच तुटत नाही, लिबलिबते. हाताला आधी मऊपणा जाणवतो, मग कीच्या टोकाला चकचकीत बारीक कीस लागलेला दिसतो, आणि षटकोन गोल झालेला असतो. १२.९ मध्ये त्याच जोराला बहुतेक वेळा स्वस्तातली की आधी पिळवटते किंवा तिच्या कडा झिजतात. कीचं टोक घासून पुन्हा सरळ करता येतं. रुतलेल्या स्क्रूचं तसं नाही.

प्लॅस्टिकमध्ये बसलेला एसएस एक वेळ निघतो. खरी अडचण धातूत बसलेल्या आणि थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावलेल्या स्क्रूंची: मोटर माउंट, डिफचा (डिफरेन्शियलचा) मोठा गिअर, सीव्हीडी (चाकाकडे जाणारा सांध्याचा दांडा), पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर). सुटताना त्यांना बराच जोर लागतो आणि नेमका तेव्हाच एसएस कच खातो. पिनियनचा ग्रब स्क्रू तर एसएसचा घेऊच नये, १.५ मिमीच्या खाचेला चूक माफ नसते. शिवाय निळं थ्रेडलॉकर एसएसवर सावकाश धरतं, कारण ते आवळायला लोखंड किंवा तांब्यासारखा धातू लागतो. साध्या स्टीलवर २४ तासांत पूर्ण आवळतं, एसएसला ॲक्टिव्हेटर मारला तर बरं. आणि कुठलाही स्क्रू असो, थ्रेडलॉकर प्लॅस्टिकला लागू देऊ नये. पॉलिकार्बोनेट आणि एबीएसला त्याने तडे जातात.

एसएसचा आणखी एक खोडसाळपणा म्हणजे एसएसवर एसएस फिरलं की आटे एकमेकांत रुततात. एसएसच्या स्क्रूवर एसएसचा नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) ड्रिल मशीनने भरभर चढवला तर मध्येच अडकतो, ना पुढे ना मागे. हाताने, सावकाश, थेंबभर तेल लावून चढवला तर सहसा होत नाही.

काळ्याचा गंज मात्र सांभाळावा लागतो, त्यात सवलत नाही. गाडी धुतली की हवेच्या ब्लोअरने किंवा जुन्या हेअर ड्रायरने मुंड्या कोरड्या करायच्या. दाभणाने खाचेतली माती टोकरायची; पाण्याच्या धारेने ती निघत नाही, उलट आत दाबली जाते. मग टूथब्रशवर शिलाई मशीनचं तेल घेऊन मुंड्यांवरून फिरवायचं आणि फडक्याने जास्तीचं टिपायचं, नाहीतर त्यावर धूळ बसून पुन्हा तीच पेस्ट तयार होते. डब्ल्यूडी-४० ने पाणी हटतं, पण त्याचा थर पातळ असतो, पावसाळ्यात त्याच्यावरच विसंबून चालत नाही. हा सगळा कार्यक्रम पंधरा-वीस मिनिटांचा. ज्याला हे होणारच नाही त्याने खुशाल एसएस घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही. गंज टाळायला झिंक प्लेटिंग केलेला १२.९ कुणी सुचवला तर मात्र नको म्हणावं. प्लेटिंग करताना इतक्या कडक स्टीलमध्ये हायड्रोजन शिरतो, आणि तो नीट भाजून काढला नसेल तर स्क्रू ठिसूळ होऊन अचानक तुटतो.

एक बारीकसा फायदा काळ्याच्या बाजूने. माळावर स्क्रू पडला तर जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवून तो सापडतो. एसएस चुंबकाला जेमतेम दाद देतो.

आता उलट बाजू. १२.९ ची खाच गोल झालीच तर काढायला तोच जास्त त्रास देतो. आधी सोल्डरिंग गनचं टोक मुंडीवर ठेवून ती चांगली तापवायची, म्हणजे थ्रेडलॉकर मऊ पडतं. मग २ मिमीच्या खाचेत टॉर्क्स (सहा पाकळ्यांच्या टोकाचा) बिट टी-८ किंवा टी-९, आणि २.५ मध्ये टी-१० हलक्या हाताने ठोकून बसवायचा आणि फिरवायचा. नाहीच निघाला तर मुंडीवर कटिंग डिस्कने आडवी खाच पाडायची. ड्रिल हा शेवटचा उपाय. मुंडी उडवली की उरलेला दांडा प्लायरने निघतो, पण १२.९ साध्या एचएसएस ड्रिलला बराच वेळ खेळवतो. एसएसही हट्टीच, घासला की आणखी कडक होतो, म्हणून कमी वेग, जास्त दाब आणि तेल.

यातलं बरंचसं कीवरही अवलंबून आहे. इंची सेटमधली ३/३२ ची की २.५ मिमीच्या खाचेत सहज जाते, कारण ती २.३८ मिमीची असते, आणि तिथेच खाच खराब व्हायला सुरुवात होते. बॉल टोकाची की नुसती फिरवायला ठीक, आवळायला आणि सोडवायला सरळ टोकाचीच.

माझी वाटणी अशी: धातूत जाणारे सगळे, शॉक टॉवर, चेसिसखालचे सीएसके आणि सगळे ग्रब काळे. बॉडी पोस्ट, बॅटरी ट्रे, रिसीव्हर बॉक्स, विंग इथे एसएस चालतो, आणि जागा असेल तिथे बटनऐवजी कॅप हेड, म्हणजे २.५ ची की. मालवण किंवा गणपतीपुळ्याच्या वाळूत गाडी पळवायचीच असेल तर गणित उलटतं. खाऱ्या पाण्यापुढे तेलाचा इलाज टिकत नाही, तिथे एसएसच, आणि मिळाला तर ए४, म्हणजे खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारा एसएस.

प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी तो उलटा फिरवायचा. 'टक्' असं जाणवलं की जुने आटे सापडले, मग सरळ आवळायचा. हे केलं नाही तर दर वेळी नवे आटे कापले जातात आणि भोक सैल होतं. एम३ निदान ६ ते ८ मिलिमीटर आत जायला हवा.

खरेदीला शिवाजी उद्यमनगरात गेलात तर काउंटरवर एम६, एम८ चा ढीग असतो, एम३ साठी आधी फोन केलेला बरा. एम५ पेक्षा लहान स्क्रूवर दर्जा छापणं बंधनकारक नसतं, त्यामुळे काळा दिसतो म्हणून १२.९ धरून चालू नये. युनब्राको किंवा टीव्हीएसची पाकिटं मागावीत. बटन आणि सीएसके बऱ्याचदा त्याखालच्या १०.९ दर्जातच मिळतात, तेही पुरतात. एका १/१० गाडीला एम३×१० आणि ×१२ प्रत्येकी पन्नास, ×८, ×१६ आणि ×२० प्रत्येकी वीस, एवढ्यात सुटे धरून भागतं. सीएसकेची लांबी मुंडीसकट मोजतात, कॅप आणि बटनची मुंडी सोडून. मोटर माउंटला मात्र जुन्याच लांबीचा स्क्रू घालायचा. ५४० मापाच्या मोटरमध्ये तो दोन मिलिमीटर जास्त आत गेला तर थेट वाइंडिंगला टेकू शकतो.