बेघरांची जबाबदारी कोणाची: सरकारची की सेवाभावी संस्थांची?

महिन्याकाठी थोडे पैसे बाजूला पडायला लागले की ते बेघरांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला द्यावेत असं वाटतं. लगेच दुसरा विचार येतो: मग आपण कर भरतो तो कशासाठी? हे काम सरकारचं नाही का? दोन्ही विचार रास्त आहेत, म्हणूनच निर्णय अडतो. मी काही वर्षं एका छोट्या संस्थेबरोबर रात्रीच्या फेरीला जातो, त्यामुळे माझ्या मताला त्या अनुभवाचा रंग आहे. मत आधीच सांगून टाकतो. जबाबदारी सरकारची आहे. प्रत्यक्ष काम मात्र पुष्कळ ठिकाणी संस्थाच चांगलं करतात. ‘जबाबदारी’ आणि ‘काम’ या दोन शब्दांची गल्लत झाली की रस्त्यावरचा माणूस दोघांच्याही हातून निसटतो.

जाब कोणाला विचारायचा?

संस्थेच्या निवाऱ्यात चाळीस खाटा असतील आणि एकेचाळिसावा माणूस दारात उभा राहिला, तर कार्यकर्ता हात जोडून “आज जागा नाही” एवढंच म्हणू शकतो. त्या माणसाला तक्रार करायला जागा नाही, कारण संस्थेने त्याला कसलंच वचन दिलेलं नसतं. देणग्या आटल्या तर उद्या निवाराच बंद होईल, आणि तेव्हाही कोणी कोर्टात जाऊ शकणार नाही. दया मागता येते, तिच्यावर हक्क सांगता येत नाही. दोन बाजूंमधला माझ्या लेखी सगळ्यात मोठा फरक हाच.

कायदा झाला की काय बदलतं याची दोन उदाहरणं बघण्यासारखी आहेत. ब्रिटनमध्ये 1966 साली शेल्टर ही संस्था स्थापन झाली. पैसे गोळा करून लोकांना घरं मिळवून देण्यात तिने कसर ठेवली नाही, पण तेवढ्याने भागणार नाही हे ओळखून तिने आणि इतर संस्थांनी सरकारवर दबाव आणला. 1977 मध्ये कायदा झाला आणि बेघर कुटुंबांना घर देणं हे स्थानिक प्रशासनाचं कर्तव्य ठरलं. त्यात मोठ्या फटी होत्या. मुलंबाळं, म्हातारपण, आजारपण असेल तरच प्राधान्य, एकटा धडधाकट माणूस बहुतेक वेळा बाहेर. ‘जाणूनबुजून बेघर झालेला’ असाही एक शिक्का होता, तो बसला की दार बंद. प्राधान्याची ही अट स्कॉटलंडने 2012 च्या अखेरीस काढून टाकली. म्हणजे पस्तीस वर्षं लागली. पण कायदा असल्यामुळे ती फट दाखवून भांडता तरी आलं.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. रॉबर्ट हेझ या तरुण वकिलाने 1979 साली रस्त्यावर झोपणाऱ्या पुरुषांच्या वतीने दावा लावला. त्याचा आधार होता राज्याच्या घटनेतलं एक कलम, गरजूंना मदत करणं हे राज्याचं काम आहे असं सांगणारं. 1981 मध्ये तडजोडीचा हुकूमनामा झाला आणि शहराला मागेल त्या बेघर पुरुषाला निवारा देणं भाग पडलं. पुढे हा हक्क स्त्रिया आणि कुटुंबांपर्यंत पोचला. या निवाऱ्यांवर नजर ठेवण्याचं काम एका सेवाभावी संस्थेकडे आहे. मला ही मांडणी फार पटते: खर्च आणि जबाबदारी सरकारची, डोळे संस्थेचे.

पैसा, जमीन आणि भाडं

माणूस बेघर का होतो याची यादी केली तर लक्षात येतं की बहुतेक दोऱ्या सरकारच्या हातात आहेत. भाडी पगाराच्या पुढे पळतात. इस्पितळातून किंवा तुरुंगातून सुटलेल्या माणसाला फाटकापाशी सोडून देतात, पुढे कुठे जायचं ते कोणी विचारत नाही. अनाथालयातली मुलं वयाची अठरा वर्षं पूर्ण झाली की एका दिवसात ‘मोठी’ होतात. नवरा मारतो म्हणून बाई घर सोडते. यातलं जमिनीचं धोरण, भाड्याची मदत, मानसिक उपचार, सुटकेनंतरची सोय संस्था बदलू शकत नाही. ती ब्लँकेट देऊ शकते, आणि थंडीत ब्लँकेट म्हणजे जीव वाचवणं आहे, पण वाटपाची रांग त्याने कमी होत नाही.

फिनलंडची गोष्ट या बाबतीत सगळ्यात बोलकी. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे 18,000 हून अधिक बेघर होते. 1985 मध्ये वाय-सातिओ ही ना-नफा संस्था सुरू झाली. ती फ्लॅट विकत घेते आणि बेघरांना भाड्याने देते. मग 2008 पासून सरकारने ठरवून राष्ट्रीय कार्यक्रम राबवला: आधी घर, बाकी सगळं नंतर. दारू सुटली का, औषधं घेतो का, नोकरी आहे का, या अटी घराच्या आड येणार नाहीत. हेलसिंकीत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचा सुमारे 250 खाटांचा निवारा होता. त्याच इमारतीत तोडफोड करून 81 छोटे फ्लॅट केले, प्रत्येकाला स्वतःचं दार आणि स्वतःची किल्ली. संस्था तीच राहिली. सरकारी पैसा आणि सरकारी धोरण मागे उभं राहिल्यावर तिच्या कामाचं स्वरूप बदललं. देशातल्या बेघरांची संख्या हळूहळू 4,000 च्या खाली आली.

2024 मध्ये मात्र हा आकडा बऱ्याच वर्षांनी पहिल्यांदा वाढला. त्याच काळात सरकारने घरभाड्याच्या मदतीला कात्री लावली होती. संस्था जागेवर होत्या, अनुभव होता, माणसं तीच होती, तरीही आकडा वर गेला.

वेगाच्या बाबतीत सरकार मागे असतं असं आपण धरून चालतो. मार्च 2020 मध्ये इंग्लंडमध्ये साथीमुळे रस्त्यावर झोपणाऱ्या सगळ्यांना ताबडतोब आत घ्या असा आदेश निघाला आणि रिकामी हॉटेलं त्यांच्यासाठी उघडली. जानेवारी 2021 पर्यंत सुमारे 37,000 लोकांना याचा लाभ झाला. जे काम वर्षानुवर्षं ‘अवघड’ होतं, त्याची सुरुवात काही दिवसांत झाली. तेही रात्री माणसं शोधून काढणाऱ्या आणि त्यांना नावानिशी ओळखणाऱ्या संस्थांच्या मदतीनेच.

जिथे सरकारचा हात पोचत नाही

आता दुसरी बाजू. ती मी जवळून पाहिलेली असल्याने इथे जरा थांबतो.

आमच्या फेरीत एक काका होते, पुलाखाली झोपायचे. आमच्या गटातल्या ज्येष्ठ ताई दर गुरुवारी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उकिडव्या बसायच्या. चार गुरुवार उत्तर एकच: “मला काही नको.” ताईंनी नाव विचारलं नाही, फॉर्म काढला नाही, फोटो तर नाहीच. पाचव्या गुरुवारी काकांनी शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत घड्या पडून फाटायला आलेली ओळखपत्राची प्रत, दवाखान्याचे दोन कागद आणि एका मुलीचा शाळेतला फोटो. ती पिशवी ते उशाखाली नाही, अंगावर बाळगायचे. “ताई, याचं काही होईल का?” एवढंच त्यांनी विचारलं. पाच आठवड्यांत एक वाक्य. कुठल्या सरकारी अहवालात याची नोंद कोणत्या रकान्यात होईल?

पुढे अर्ज भरायला गेलो तर पहिल्याच पानावर रकाना होता, ‘कायमचा पत्ता’. खिडकीमागचा माणूस वाईट नव्हता. “पत्ता लिहिल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही हो,” असं तो खरोखर अडचणीत सापडल्यासारखा म्हणाला. ताईंनी पेन घेतलं, ‘मार्फत’ असं लिहिलं आणि खाली संस्थेचा पत्ता घातला. अर्ज घेतला गेला.

संस्थेची खरी ताकद मला त्या एका शब्दात दिसते. नियम ज्याला ओळखत नाही त्याला ती आपलं नाव उसनं देते. ती वाट बघू शकते, एकाच माणसाकडे पंधरा वेळा जाऊ शकते. सरकारी कर्मचाऱ्यात माया नसते असं अजिबात नाही, पण त्याच्या डोक्यावर उद्दिष्टांचा आकडा असतो आणि बदलीची टांगती तलवार असते.

नव्या कल्पनाही बहुधा संस्थांकडूनच येतात. फिनलंडने देशभर राबवलेला ‘आधी घर’ हा विचार न्यूयॉर्कमध्ये 1992 साली मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी आपल्या संस्थेमार्फत करून दाखवला होता. तेव्हा बहुतेकांना तो वेडेपणा वाटला, कारण रूढ पद्धत उलटी होती: आधी व्यसन सोड, उपचार घे, मग घर. पण तो विचार खरा आहे हे मोठ्या प्रमाणावर सिद्ध करायला पुन्हा सरकारी पैसाच लागला. कॅनडात 2009 ते 2013 दरम्यान पाच शहरांत दोन हजारांहून अधिक बेघर, मानसिक आजार असलेल्या लोकांवर तुलनात्मक अभ्यास झाला. शेवटच्या सहा महिन्यांत ‘आधी घर’ मिळालेल्यांपैकी 62 टक्के लोक पूर्ण वेळ घरात होते. नेहमीच्या सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण 31 टक्के.

दोन्हीकडचे धोके

संस्थांच्या मदतीत एक जुना दोष आहे, तो म्हणजे ‘लायक’ गरीब निवडण्याचा. लंडनमध्ये 1869 साली स्थापन झालेल्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने तर लायक आणि नालायक अशी वर्गवारी हेच शास्त्र मानलं होतं. आजही देणगीदाराला लहान मूल, म्हातारी आजी यांच्यासाठी द्यावंसं वाटतं. चाळिशीचा, दारूचा वास येणारा, शिव्या देणारा पुरुष कोणाच्या पत्रकावर नसतो. रस्त्यावर मरणाऱ्यांत मात्र तो असतो. काही ठिकाणी जेवणाआधी प्रार्थनेला बसावं लागतं, तेही मला खटकतं. भुकेल्या माणसाची संमती ती कसली?

सरकारचा धोका वेगळा आणि जास्त गंभीर, कारण त्याच्याकडे पोलीस आहेत. जे प्रशासन निवारा बांधतं तेच फुटपाथ मोकळे करण्याची मोहीमही काढतं. इंग्लंडमध्ये 1824 च्या भटकेगिरीविरोधी कायद्याने उघड्यावर झोपणं हा गुन्हा ठरवला होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये ग्रँट्स पास खटल्यात निकाल दिला की सार्वजनिक जागी झोपल्याबद्दल दंड आणि अटक करायला राज्यघटनेतल्या क्रूर शिक्षेवरच्या बंदीची आडकाठी नाही, मग निवाऱ्यात जागा नसली तरी. आमच्या काकांची पिशवी अशाच एका पहाटेच्या मोहिमेत ट्रकमध्ये गेली. ते नळावर गेले होते, अंग धुवायचं म्हणून त्या एका दिवशी शर्टासोबत पिशवी काढून ठेवली होती. ओळखपत्र गेलं, दवाखान्याचे कागद गेले. फोटोबद्दल त्यांनी आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही.

संस्थेने सरकारच्या फार जवळ जाण्यातही धोका आहे. लंडनमध्ये रस्त्यावरच्या परदेशी लोकांची माहिती काही संस्थांच्या कार्यकर्त्यांमार्फत हद्दपारी करणाऱ्या खात्यापर्यंत पोचली. युरोपीय नागरिकांना केवळ उघड्यावर झोपतात म्हणून देशाबाहेर काढण्याचं धोरण 2017 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवलं, पण गेलेला विश्वास निकालाने परत येत नाही. ब्लँकेट देणारा हात आपलं नावही पुरवतो असं कळलं की माणूस आणखी अंधाऱ्या जागी जाऊन झोपतो.

कायदा झाला म्हणजे झालं, असंही नाही. न्यूयॉर्कचा तो दावा ज्याच्या नावाने ओळखला जातो तो रॉबर्ट कॅलाहन हुकूमनाम्यावर सह्या होण्याआधी रस्त्यावरच मरण पावला. दक्षिण आफ्रिकेत आयरीन ग्रूटबूम यांनी 2000 साली घटना न्यायालयात घराच्या हक्काचा ऐतिहासिक खटला जिंकला. 2008 मध्ये त्या गेल्या तेव्हा झोपडीतच राहत होत्या. निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना जगभर शिकवला जातो. या दोघांची आठवण मला कायद्याच्या बाजूने बोलताना नेहमी होते, आणि तरीही मी कायद्याच्याच बाजूने बोलतो. त्यांचा दावा नसता तर पुढच्या हजारोंना निदान रात्रीची खाटही मिळाली नसती.

मग ठरवायचं कसं?

पैसे द्यायचे असतील तर जरूर द्या, पण कोणाला ते बघा. वाटलेल्या ब्लँकेटांचा आकडा सांगणाऱ्या संस्थेला विचारा, गेल्या वर्षी भेटलेल्यांपैकी आज किती जण स्वतःच्या दाराला आतून कडी लावून झोपतात. उत्तर ‘तिघं’ असं असलं आणि ती तिघं कोण हे त्यांना माहीत असलं, तर तिथे पैसे द्या. संस्थेचा सगळा खर्च सरकारी अनुदानावर चालतो का तेही विचारा. चालत असेल तर सरकार चुकल्यावर ती बोलू शकते का ते पाहा. तुमच्या छोट्या देणगीचा सर्वांत चांगला उपयोग माझ्या मते हाच, संस्थेला बोलायची मोकळीक देणं.

मत द्यायचं असेल तेव्हा उमेदवाराला निवाऱ्यांची संख्या विचारू नका, ती तो फुगवून सांगेल. विचारा, रात्री अकरा वाजता ज्याला जागा नाही त्याने कोणत्या दारावर जायचं, आणि ते दार बंद निघालं तर तक्रारीत कोणत्या अधिकाऱ्याचं नाव लिहायचं. संस्थांना काम देणार असाल तर करार किती वर्षांचा, हेही विचारा. सहा महिन्यांच्या करारात पाच गुरुवार बसून राहणं परवडत नाही.

देणगी आणि मागणी यांतलं एकच निवडायची वेळ आली, तर मी मागणी निवडेन. सुदैवाने तशी वेळ सहसा येत नाही.

काकांचा नवा अर्ज गेल्या महिन्यात दाखल झाला. ओळखपत्र पुन्हा काढायला आठ खेपा झाल्या. पत्त्याच्या रकान्यात अजून ‘मार्फत’च लिहिलेलं आहे.