प्राचीन इजिप्तची दोन धान्यं: खपली की सातू?

देर अल-मदिना या गावातल्या, राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांना दरमहा 4 खार खपली गहू आणि 1.5 खार सातू (जव) मिळे. एक खार म्हणजे सुमारे 77 लिटर. खपली भाकरीसाठी, सातू बिअरसाठी, असा हिशेब. प्रत्यक्षात दोन्ही धान्यं दोन्हीकडे चालत.

शेतात सातू सरस. तो लवकर पिकतो आणि खारवट, कमी ओलीच्या जमिनीतही तग धरतो. नाईलचा पूर नीट आला नाही तर भिस्त त्याच्यावरच.

खपलीचं खरं काम मळणीनंतर सुरू होतं. मळून दाणे सुटत नाहीत, टरफलासकट कणसाचे तुकडे पडतात. ते किंचित ओले करून दगडी उखळात लाकडी मुसळाने कांडायचे. ओलीने टरफल चिवट होतं, तुकडे एकमेकांवर घासतात आणि दाणा अखंड सुटतो. कोरडंच कांडलं तर दाणा फुटून कण्या भुशात जातात. कांडल्यावर वाळवणं, पाखडणं, चाळणं, उरलेलं टरफल हाताने निवडणं, आणि मग पाट्यावर दळण. घरच्या बाईचा रोजचा बराच वेळ यातच जाई. सातूचं टरफलही दाण्याला घट्ट चिकटलेलं, पण बिअरसाठी मोड आणताना ते अडचण करत नाही.

भाकरीला मात्र खपलीच. तिचं ग्लुटेन कमजोर, त्यामुळे भाकरी दाट होते, तरी सातूच्या भाकरीपेक्षा ती बरी फुगते. टॉलेमी या ग्रीक राजघराण्याच्या काळात सहज मळता येणारा कठीण गहू आला आणि खपली मागे पडली. महाराष्ट्रात ती अजून पिकते.