आमच्या ऑफिसचं छत जमिनीपेक्षा मोठं निघालं

लोकांची बिलं तपासणं हा माझा धंदा. पुण्यात शनिवार पेठेत कर सल्लागार म्हणून बसते; कुणाच्या खर्चात कुठे पाणी मुरतंय ते मला पान उलटताच कळतं, असा माझा समज होता. या समजापायी पावणेनऊ लाख गेले. लिहायला लाज वाटते, तरी लिहिते, कारण ज्या इंटिरिअर डिझायनरने ते घेतले, त्याची कामं अजून जोरात चालू आहेत.

ऑफिस बाबांच्या वेळचं. जुनी इमारत, दुसरा मजला, ३४० चौरस फूट कार्पेट. लोखंडी कपाटं, लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे, डोक्यावर करकरणारा पंखा. खरी अडचण आवाजाची होती. कुणी नोटिशीबद्दल बोलू लागलं की बाकावर बसलेल्या चौघांना त्याचं उत्पन्न पाठ व्हायचं. घटस्फोटाची केस चाललेल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "मॅडम, आपण खाली माझ्या गाडीत बसून बोलू या का?" त्याच दिवशी ठरवलं की ऑफिस बदलायचं. शांत हवं, आणि होता होईल तो देखणंही.

डिझायनर ओळखीतूनच आला. मृदू बोलणारा, टापटीप. कार्डावर 'इंटिरिअर आर्किटेक्ट'. (आर्किटेक्ट हे बिरुद १९७२च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येतं. नोंदणी क्रमांक विचारायला दोन मिनिटं लागली असती.) चौथ्या दिवशी त्याने टॅबवर थ्रीडी चित्र दाखवलं. उभ्या लाकडी पट्ट्यांची भिंत, फिकट राखाडी कपाटं, छताच्या कडेने झिरपणारा पिवळसर उजेड, कोपऱ्यात अरेका पाम. आणि म्हणाला, "मॅडम, इथे पाऊल टाकलं की क्लायंटचं बीपी उतरलं पाहिजे." मी तिथेच विकली गेले. उजेड चित्रात दिसतो, रंग दिसतो. शांतता दिसत नाही, आणि मला तर मुख्य तीच हवी होती, हे तेव्हा सुचलं नाही.

कोटेशन एका पानाचं. 'स्टोरेज – बेस्ट क्वालिटी प्लाय.' 'केबिन साउंडप्रूफ – लमसम.' माझ्या एखाद्या क्लायंटने असा कागद आणला असता तर मी त्याला घरी पाठवला असता. बेस्ट म्हणजे काय? मरीन म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय असेल तर आयएस ७१० हे मानक, साधा असेल तर आयएस ३०३, जाडी १८ मिमी की १२, लॅमिनेट १ मिमी की ०.८, पार्टिशनमध्ये काय भरणार आणि ते कुठपर्यंत चढवणार. यातलं एकही अक्षर त्यात नव्हतं. तोंडी मात्र सगळं 'मरीन' होतं.

७ लाख ८० हजार, वर १८ टक्के जीएसटी. हप्ते असे: ४० टक्के आधी, ४० टक्के माल आल्यावर, १५ टक्के फॉल्स सीलिंग झाल्यावर, ५ टक्के ताबा देताना. जरा बघा, माल नुसता दारात आला की ८० टक्के रक्कम त्याच्या खिशात. पुढचं काम नीट करण्याची त्याला गरजच उरली नव्हती.

माल आला तेव्हा मी हजर होते. हमाल प्लायच्या पाट्या, म्हणजे शीट, जिन्याने वर आणत होते. त्याने वरच्या तीन पाट्यांवरचा आयएसआयचा शिक्का आणि खालचा सीएम/एल क्रमांक (शिक्क्याच्या परवान्याचा नंबर) दाखवला, मी कौतुकाने फोटो काढले आणि तिथल्या तिथे पैसे पाठवले. खालच्या तेवीस पाट्या उलटून पाहिल्या नाहीत. तो क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो हेही नंतर कळलं. इमारतीत दिवसा दवाखाना आणि क्लास, म्हणून काम रात्री आठनंतर. सकाळी मी यायची तेव्हा आदल्या रात्रीचं सगळं लॅमिनेटखाली गेलेलं असायचं. वेगाचं मला कौतुक वाटायचं, मी कारागिरांना वडापाव मागवायची.

मे अखेरीस ऑफिस तयार झालं आणि खरंच सुंदर दिसत होतं. बाबा येऊन बघून गेले. "दिव्याला दिवा लागला नाही तेवढा उजेड आहे," असं काहीतरी कोडं घालून गेले. ते त्यांचं कौतुक असावं.

जून संपता संपता खिडकीजवळच्या कपाटाचं तळ फुगलं. आधी केसाएवढी रेघ, मग दार लागेना. त्याला फोन केला तर, "मॅडम, पावसाळ्यात लाकूड श्वास घेतं." आठवड्याने कडेची पट्टी सुटली. तेव्हा बाबांच्या ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी काही न बोलता मागच्या बाजूने तळहाताएवढा तुकडा कापला आणि म्हणाले, "ताई, घरी नेऊन उकळा." मरीन प्लायची कसोटी ७२ तास उकळण्याची असते. माझ्या पातेल्यात अर्ध्या तासात त्याचे पापुद्रे सुटले, पाणी चहासारखं झालं. पातेलं फेकावं लागलं.

काका दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि केबिनच्या भिंतीवर बोटाने टकटक करत फिरले. डब्यावर वाजवल्यासारखा आवाज. एक पट्टी काढली तर आत खालच्या दोन फुटांत थर्माकोलचे तुकडे, वर नुसती हवा. आवाज शोषणारं ग्लासवूल नावालाही नाही. मग शिडी लावून सीलिंगची झडप उघडली आणि मला वर बोलावलं. पार्टिशन सीलिंगपाशीच संपलं होतं. वर स्लॅबपर्यंत फूटभर मोकळी जागा, या खोलीतून त्या खोलीत सरळ रस्ता. काका म्हणाले, "भिंत कितीही भरा, आवाज वरून उडी मारून जाणार." म्हणजे केबिन साउंडप्रूफ नव्हती हे सोडाच, ती होणं शक्यच नव्हतं. बीपी उतरवणाऱ्या त्या खोलीत बसून मी महिनाभर लोकांची गुपितं मोठ्या विश्वासाने ऐकत होते आणि बाकावरचे चौघे पूर्वीसारखेच ऐकत होते. फक्त आता त्यांना दिसत नव्हतं, एवढंच.

शिडीवर असतानाच काकांनी सहज टेप लावली. बिलात सीलिंग ४२० चौरस फूट. ऑफिस ३४०चं. सीलिंगच्या कडेच्या उभ्या पट्ट्याही मापात धरतात, ते रास्तच आहे. त्या धरूनही आमचा आकडा ३७२च्या वर जाईना. छत जमिनीपेक्षा मोठं आहे हे पाहून मी त्या बिलावर सही केली होती.

आता माझ्या खास नामुष्कीचा भाग. बिल मे महिन्याचं. ते १४ जूनच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी माझ्या नावावर दाखवलेल्या बिलांच्या यादीत, दिसायला हवं होतं. मी क्लायंटच्या रिटर्नमध्ये बुडालेली, स्वतःचं २बी जुलैत उघडलं. बिल नाही. या कामावर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं की नाही हा वेगळा वाद आहे, तो बाजूला ठेवा. जीएसटी पोर्टलवर त्याचा जीएसटी नंबर टाकला तर नोंदणी आदल्या नोव्हेंबरातच रद्द झालेली. म्हणजे कर म्हणून घेतलेले १ लाख ३३ हजार ३८० रुपये हा निव्वळ त्याचा जादा नफा. 'सर्च टॅक्सपेअर' ही सोय लॉगिनशिवाय, फुकट, कुणालाही वापरता येते. मी ती क्लायंटना शिकवते.

शेवटचे ५ टक्के तेवढे माझ्याकडे राहिले. रजिस्टर्ड नोटीस 'पत्ता सोडून गेले' अशा शेऱ्याने परत आली. पोलीस चौकीत उत्तर मिळालं, "मॅडम, हा दिवाणी मामला आहे." ग्राहक आयोगात जाणार आहे. ऑफिसचं काम म्हणजे व्यापारी हेतू, तेव्हा मी ग्राहकच नाही, असा बचाव होऊ शकतो. पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला २०१९च्या कायद्यात जागा आहे, आणि दोन वर्षांच्या मुदतीत तक्रार करायची असते. तीन पाट्यांचे ते फोटो पुरावा म्हणून जोडतेय, उरलेल्या तेवीस पाट्यांचा मात्र एकही फोटो नाही.

केबिनची एक भिंत काकांनी नव्याने स्लॅबपर्यंत नेली. लॅमिनेट लावण्याआधी दोन दिवस उघडी ठेवायला लावली, मी प्रत्येक खण पाहून फोटो घेतले, मगच पुढचे पैसे. काका जरा दुखावले, पण चहा घेतला.

परवा एका दंतवैद्य बाईंचा फोन आला. त्याच माणसाने त्यांना माझ्या ऑफिसचा फोटो 'पूर्ण झालेलं काम' म्हणून पाठवला होता. दारावरच्या पाटीवर माझा नंबर दिसला म्हणून त्यांनी लावून पाहिला. "फारच शांत वाटतं हो तुमच्याकडे," त्या म्हणाल्या, "एकदा बघायला येऊ का?" म्हटलं, अवश्य या. आणि येताना एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन या.