निर्वाताचा टोपॉलॉजिकल प्रभार: कूलिंग की ग्रेडियंट फ्लो?

लॅटिसवरच्या (अवकाश-काळाच्या बिंदूंच्या जाळीवरच्या) ग्लुऑन क्षेत्रात, म्हणजे क्वार्कना बांधणाऱ्या बलाच्या क्षेत्रात, लघुअंतराचा गोंगाट इतका, की इन्स्टँटॉन दिसतच नाहीत. इन्स्टँटॉन म्हणजे क्षेत्रातल्या गाठी; टोपॉलॉजिकल प्रभार म्हणजे क्षेत्राच्या एकूण पिळाची मोजणी. आधी क्षेत्र गुळगुळीत करावं लागतं; कूलिंग आणि ग्रेडियंट फ्लो या त्याच्या दोन रीती.

कूलिंग स्वस्त. प्रत्येक लिंकला (शेजारच्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या दुव्याला) स्थानिक क्रिया, म्हणजे ऊर्जेसारखी राशी (action), किमान करणारी किंमत द्यायची आणि फेऱ्या मारायच्या. पण एका फेरीत किती अंतरापर्यंत क्षेत्र गुळगुळीत होतं, हे लॅटिस-अंतरानुसार बदलतं. फेऱ्या वाढल्या की इन्स्टँटॉन-प्रतिइन्स्टँटॉन जोड्या पुसल्या जातात.

ग्रेडियंट फ्लोत क्षेत्र क्रियेच्या उतारावरून सरकतं आणि त्याचा कृत्रिम काळ, फ्लो-काळ, सलग असतो. गुळगुळीतपणाची त्रिज्या म्हणजे फ्लो-काळाच्या ८ पटीचं वर्गमूळ. ती भौतिक एककांत स्थिर ठेवली, तरच सांतत्य-सीमेकडे (लॅटिस-अंतर शून्याकडे नेण्याकडे) जाणं अर्थपूर्ण. म्हणून तिथे फ्लोच घ्यावा, संगणन महाग पडलं तरी.

विल्सन क्रियेसाठी (लॅटिसवरच्या सर्वांत साध्या क्रियेसाठी) सुमारे ३ कूलिंग फेऱ्या म्हणजे लॅटिस-एककांत १ एकक फ्लो-काळ. असं जुळवल्यावर प्रभार जवळपास सारखाच येतो. छोटे इन्स्टँटॉन मात्र या क्रियेत दोन्हीकडे आकसून जाळीतून निसटतात.