घरातली आठवण आणि पेशवे दप्तर : कादंबरी लिहिणाऱ्यासाठी पुणे पुरालेखागार कसे आहे

‘आमच्या खापरपणजोबांना पेशव्यांनी गाव इनाम दिलं होतं.’ घराण्यावर कादंबरी लिहायला बसलेल्या माणसाच्या हाती बहुधा असेच एखादे वाक्य असते. ते तपासायला पुणे पुरालेखागारातल्या पेशवे दप्तरासारखी जागा नाही. मात्र काय मागायचे ते ठरवून गेले नाही, तर हात हलवत परत यावे लागते.

पहिली चूक आडनावावरून शोधण्याची होते. हे दप्तर राज्यकारभाराचे आहे, घराण्यांचे नाही. कागद मोडी लिपीत आहेत आणि खात्याखात्याने रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत, बांधलेले आहेत. जुन्या नोंदीत माणूस येतो तो स्वतःच्या नावाने, बापाच्या नावाने, गावाने आणि हुद्द्याने. आडनाव असेलच असे नाही. म्हणून जाताना चार गोष्टी लिहून न्याव्यात: मूळ गाव आणि त्याचा परगणा, तीन-चार पिढ्यांची नावे, वतन किंवा चाकरी कोणती, आणि अंदाजे साल. यातले काही घरी कुणाला आठवत नसेल, तर आधी नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या वह्या पाहाव्यात. कोण कुणाबरोबर यात्रेला आले आणि कुणाचे श्राद्ध केले याच्या नोंदींतून पिढ्यांची साखळी लागते.

साल माहीत असेल तर रोजकीर्द मागावी. तिच्यात जमाखर्च आणि हुकूम दिवसांच्या क्रमाने आहेत. फक्त माणूस किंवा ठिकाण माहीत असेल तर घडणी बरी, कारण तिथे नोंदी खातेवार लावलेल्या आहेत. मुलखाचा वसूल हवा असेल तर प्रांत अजमास. इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात या दप्तरातल्या निवडक कागदांचे 45 खंड छापले. तेवढे चाळून ‘आमचे नाव कुठेच नाही’ म्हणून थांबणारे बरेच असतात. त्या खंडांत भर आहे तो राजकारणाच्या पत्रांवर. साध्या कुलकर्ण्याचे घर हवे असेल, तर रुमालच सोडावे लागतात.

कादंबरीकाराने सर्वांत जास्त वेळ द्यावा तो इनामी कागदांना. कंपनी सरकारच्या इनाम कमिशनने, विशेषतः 1852च्या कायद्यानंतर, वतनदार-इनामदारांकडून हक्काचे पुरावे मागितले. लोकांनी वंशावळी दिल्या, सनदांच्या नकला दिल्या, कैफियती, म्हणजे आपल्या हक्काच्या हकीकती, लिहून दिल्या. म्हणजे घरातली जी आठवण आपण आजीकडून ऐकतो, तीच दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्याच घरातल्या माणसाने सरकारपुढे कशी सांगितली, ते इथे वाचायला मिळू शकते. जमीन जाण्याची भीती असताना सांगितलेली ती गोष्ट आहे, तेव्हा सनद जितकी जुनी दाखवता येईल तितकी दाखवलेली असणार. भाऊबंदांच्या दोन कैफियती मिळाल्या तर शेजारी ठेवून वाचाव्यात. एका कैफियतीत असलेला आणि दुसरीत गळालेला चुलता कादंबरीला फार उपयोगी पडतो.

‘गाव इनाम दिलं’ या वाक्याचे तिथे बहुतेक वेळा दुसरेच काही निघते. कधी गावाचे कुलकर्ण असते, कधी काही बिघे जमीन, कधी वर्षासन, म्हणजे दरसाल मिळणारी नेमणूक. सरंजाम म्हणजे चाकरीसाठी लावून दिलेला मुलूख, तो इनाम नव्हे. पेशव्यांकडून झालेला ‘सन्मान’ कधी श्रावणमासातली दक्षणा ठरते, आणि ती तर हजारो ब्राह्मण घेऊन जात. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. घरच्या आठवणीत वर्षासनाचे ‘इनाम’ कोणत्या पिढीत झाले आणि का झाले, ही कादंबरीची खरी सामग्री आहे.

तारीख वाचताना मोठमोठे लिहिणारे चुकतात. ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ यात इहिदे 1, सितैन 60, मया 100, अलफ 1000. म्हणजे शुहूर सन 1161; मराठी कागदांत अरबी आकड्यांनी लिहिला जाणारा हा सन. हा सन मृगाच्या सुमारास, मे अखेर-जूनच्या सुरुवातीला बदलतो. इसवी सन काढायला तिथपासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. पानिपत 14 जानेवारी 1761चे, तेव्हा इथे 600. सरसकट 599 धरले, तर पौषातली घटना एक वर्ष मागे जाते आणि मेलेला माणूस पुढच्या प्रकरणात लग्नाला हजर राहतो. ‘छ’पुढचा आकडा मुसलमानी महिन्यातला चंद्र, म्हणजे त्या महिन्याची तारीख, असतो. तो जंत्रीत, म्हणजे तारखा जुळवण्याच्या कोष्टकात, पाहूनच इंग्रजी तारखेत आणावा; पेशवाईसाठी मोडक जंत्री वापरतात.

हिशेबात १०॥ म्हणजे साडेदहा. खंडी वीस मणांची, पण मण कैली की वजनी ते पाहावे: मापाचा मण बारा पायल्यांचा, वजनाचा चाळीस शेरांचा. कोठारातले धान्य रंगवताना एवढ्याने बराच फरक पडतो.

मोडी येत नसेल तर वाचक लावावा लागतो. त्याच्याकडून सारांश घेऊ नये. ओळीस ओळ लिप्यंतर मागावे, शंकेच्या अक्षरांवर खूण करायला सांगावी आणि रुमालाचा क्रमांक प्रत्येक पानावर लिहून घ्यावा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दही सुटे नाहीत, त्यामुळे चुकीच्या जागी तोडलेला शब्द नवेच गाव जन्माला घालतो. स्वतः शिकणे केव्हाही चांगले. पुरालेख संचालनालय वर्ग घेते, भारत इतिहास संशोधक मंडळही घेते. अक्षरे पंधरवड्यात येतात, वाचनाला हात बसायला सहा महिने धरावेत. सुरुवात पेशवाईतल्या कागदांनी करावी, ते वळणदार आहेत.

दप्तरात न मिळणारेही पुष्कळ आहे. बायका सहसा वाटणी, दत्तक किंवा सती यांच्या निमित्तानेच दिसतात, आणि तेव्हाही ‘अमक्याची स्त्री’ एवढ्याच ओळखीने. त्यांची नावे, ओव्या, सणाचा स्वयंपाक आणि कोण कुणाशी बोलत नव्हते हे घरच्या थोरल्या बायकांकडूनच मिळेल. म्हणून पहिला फेरा पुण्याचा नको. आधी आत्याबाई, मावशीआजी यांच्याजवळ बसून गावांची आणि माणसांची नावे उतरवून घ्यावीत, आणि कुणाकडून काय ऐकले ते प्रत्येक नोंदीपुढे लिहावे. वाचनालयाच्या वेळा आणि छायाचित्रांचे नियम फोनवर विचारून घ्यावेत, आणि तीन-चार दिवस मोकळे ठेवून जावे. पहिला दिवस याद्या पाहण्यातच जातो.