चिरा की पॅनेल? कोकणात घर बांधायचं असेल तर

दापोली तालुक्यातल्या आमच्या वाडीत एकाच अंगणात दोन घरं आहेत. चुलतभावाचं जांभ्या चिऱ्याचं, वर स्लॅब. माझं लोखंडी सांगाड्यावर पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तयार तुकडे, बसवलेलं. 'कोकणात प्रीफॅब (कारखान्यात तयार केलेले भाग जोडून उभं केलेलं घर) टिकेल का हो' असं कुणी विचारलं की मी त्याला दोन्ही घरांत बसवतो.

पर्यावरणाच्या हिशेबात चिरा हरत नाही, हे आधीच कबूल करतो. खाणीतून निघताना मऊ, हवा लागली की कठीण. भट्टीत भाजायला नको, गिलावा नसला तरी चालतं. जुनं घर उतरवलं तर तेच चिरे दुसरीकडे लागतात. पॅनेलमधला फोम पेट्रोलियमचा, पत्र्याला असा चिकटलेला की सुटता सुटत नाही. नटबोल्ट काढून घर हलवता येतं म्हणतात. मी काही काढून बघितलेलं नाही.

माझं मत फिरलं ते पाण्यावरून. शिमग्याला गेलेले गवंडी उशिरा परतले आणि भावाचा स्लॅब पडला एप्रिलअखेर. नेहमीचं मिश्र सिमेंट (राख वगैरे मिसळलेलं), म्हणजे काँक्रीट नीट पक्कं व्हायला १४ दिवस पाणी मारणं आलं. स्लॅबवर मातीचे आळे केले, कॉलमना ओलं गोणपाट गुंडाळलं. विहिरीत तेव्हा घागर आडवी केल्याशिवाय भरत नव्हती. काकू प्यायचं पाणी गाळून घेत होत्या आणि आम्ही टँकर विकत घेऊन स्लॅबवर ओतत होतो! पाणी मारायला ठेवलेला पोरगा पाचव्या दिवशी लग्नाला गेला तो गेलाच. डोंबिवलीत बसून फोनवर 'मारलं का रे पाणी?' विचारण्यापलीकडे आमच्या हातात काही नव्हतं. जुलैत माजघरात टपकायला लागलं. दोष सगळा पाण्याचाच असेल असं नाही, पण माझ्या मनातून स्लॅब उतरला तो तेव्हाच.

माझ्याकडे पाणी लागलं ते जोत्याला आणि कोब्याला. जोतं चिऱ्याचंच केलं, तिथे तडजोड नाही. ट्रेलर वाडीच्या वळणावर अडला, तिथून पॅनेलं दोघादोघांनी उचलून आणली. चार फिटरनी बारा दिवसांत घर उभं केलं.

तक्रारी आहेत. मनात येईल तिथे खिळा ठोकता येत नाही. वानरं छपरावर उतरली की झोप उडते. आणि मे महिन्यात दुपारी आडवं व्हायला मी भावाच्याच पडवीत जातो, हे लपवत नाही.

गावात कायम राहणार असाल, विहीर मेअखेर टिकत असेल आणि गवंडी ओळखीचा असेल, तर चिरा खुशाल निवडा. शनिवार-रविवारी येऊन बांधकाम बघणार असाल तर मी पॅनेलकडे बोट दाखवीन. फक्त छपराच्या स्क्रूत काटकसर नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडे पत्रे उडालेले बघितलेत. खाऱ्या वाऱ्याने स्क्रूच आधी गंजतात, त्यामुळे मी दर मे महिन्यात शिडी लावून एकेक स्क्रू पिळून बघतो.